लाभ, दोन, तीन

एप्रिलचा दुसरा शनिवार, सकाळचे सहा.
जत्रेच्या मैदानावरचा गोठा रिकामा,
पण गेल्या ऑगस्टच्या गायींचा वास
अजून खांबांना धरून.
दाराबाहेर बर्फाचा एक काळपट ढीग
जायचं नाव घेत नाही. विस्कॉन्सिन.

आत लांब बाकं, बादल्या, ओला भुसा,
आणि अकरा हजार चारशे रोपं,
उघड्या मुळांची, रात्रीच ट्रकमधून उतरलेली.
पान एक नाही. ओकचा गठ्ठा म्हणजे खराटाच;
कुणी सांगितलं नसतं
तर मी गोठा झाडायला घेतला असता.

वनसंघाचे आम्ही नऊ जण.
आठ सत्तरीच्या पुढचे; नववी मी,
दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मोजणारी,
दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी,
नावावर वीतभर जमीन नसलेली.
"मोजता येतं ना?" एवढंच विचारून
ऑर्विल स्टेनरूडने मला सभासद करून घेतलं होतं.

पंचवीसचा गठ्ठा. मुळांना चिखलाचा हात,
ओला कागद, वर सुतळी.
बोटं बधिर झाली की आकडे तोंडाने म्हणावे लागतात,
आणि तोंडात आलं ते खळ्यावरचं:
लाभ, दोन, तीन, चार.
आईचे मामा पायलीने ज्वारी मोजायचे,
पहिल्या मापाला एक म्हणत नसत.

ऑर्विलने कान टवकारले. पहिला शब्द कोणता?
मी सांगितला. तो डार्लीनकडे वळला,
जी पंधरा वर्षं संघाचा हिशेब
बुटांच्या खोक्यात ठेवते.
"ऐकलंस? हिच्याकडे नफ्यापासून सुरुवात करतात."
"आपण अजून तिथवर पोचलो नाही," डार्लीन म्हणाली.

नऊला दार उघडलं.
घोडागाडीतून आलेला आमिश पोरगा, शंभर स्प्रूस,
वाऱ्याला आडोसा म्हणून.
एक बाई सीडर मागत होती,
तिला तिघांनी मिळून परतवलं:
सीडर म्हणजे हरणांच्या पंगतीतलं श्रीखंड.
आणि लुडविग क्रॅट्झ, वय अठ्ठ्याऐंशी, पन्नास अक्रोड.
लाकूड हाती यायला सत्तर वर्षं, ऑर्विलने बजावलं.
"म्हणून तर लवकर आलो," क्रॅट्झ म्हणाले, "रांग टाळायला."

गठ्ठ्यात सव्विसावं रोप घालायची इथली रीत.
हरणाचं, म्हणतात.
आमच्याकडे भाजीवाली वर चार मिरच्या टाकायची,
कुणाच्या, ते मी कधी विचारलं नाही.

दीड वाजता चौथीच्या बाई आल्या, मिस ओडेगार्ड.
पंचवीस मुलं, प्रत्येकाला एक ओक.
गठ्ठा नव्हताच. बाकावर उरलेली अकरा.
डार्लीनने खोकं उपसलं, यादी दोनदा वाचली.
मग मला माझाच पहाटेचा आवाज आठवला:
लाभ, एक, दोन, तीन.
कधीतरी, बोटं गेल्यावर, जीभ घसरली होती.

मी मैदानात धावले. गाड्या अजून उभ्याच,
लोक बोनेटला टेकून कॉफी पीत,
झाडांवर बोलत.
"ओकवाले कोण? सुतळी सोडा, मोजा."
का म्हणून कुणी विचारलं नाही.
ट्रकच्या फळ्यांवर, मांडीवर, चिखलात मोजणी:
सत्तावीस. सत्तावीस. इथे सव्वीसच. सत्तावीस.
एकेक परत येत गेलं,
कुणी दोन दिली, हरणाचंही.

बाईंची पंचवीस झाली, वर एक.
माझ्या हातात एक उरलं.

ते आता बाल्कनीत, बादलीत.
खोड वीतभर, मूळ हातभर.
बुधवारपर्यंत जमीन शोध, ऑर्विल म्हणाला,
मूळ कोरडं पडू देऊ नकोस.
आज सोमवार. घरमालक फोन उचलत नाही.
लॅबच्या मागे, पार्किंगच्या कडेला एक तुकडा आहे,
हिवाळाभर सगळा बर्फ तिथे लोटतात.
दुपारच्या सुटीत मी तिथे एक काडी रोवून आले.
कुणाला विचारायचं असतं,
ते अजून कळलेलं नाही.