पाडा कुठे लिहायचा

बागायतदार सोसायटीचं कॅलेंडर
दर महिन्याला मला एक पान देतं.
पुढे एकादश्या, सुट्ट्या, खताची जाहिरात.
मागे कोरं.
तिथे मी मधोमध रेघ मारते :
इकडे आलं, तिकडे गेलं.
धाव्यातल्या आमच्या सव्वा एकराचा
एवढाच दरबार.

गेलं : मोटरचं वाइंडिंग.
शाणूने ती स्कूटरवर पायांत धरून नेली
आणि चार दिवस केळींनी
माझ्याकडे बघणं सोडलं.
मग वरच्या झरीचं पाणी पाटाने खाली आणलं,
एकेका आळ्याचं तोंड कुदळीने
उघडलं, मिटलं, उघडलं.
उल्हास म्हणाला, आजोबा असंच शिंपायचे.
मी म्हटलं, आजोबांकडे बारा माणसं होती.
त्यानंतर तो बोलला नाही, मीही नाही.
पाणी तेवढं बोलत राहिलं
रात्री साडेदहापर्यंत.

आलं : काजूच्या बिया, तेवीस किलो.
दर विचारू नका.
बोंडू भट्टीवाल्याने नेले
आणि हुर्राकची एक बाटली पायरीवर ठेवली.
ती कुठल्या बाजूला लिहायची
ह्यावर सासऱ्यांचं आणि माझं
अजून एकमत नाही.

इनासचा गुडघा गेला.
चाळीस वर्षं आमच्या माडांवर चढला तो,
आता खाली उभा राहून
कुठला पिकलाय ते बोटाने दाखवतो.
नारळ स्वतःच्या मर्जीने पडतात.
गेलं : न्हाणीची कौलं, सात.
आलं : नारळ, एक.

माकडांनी बत्तीस शहाळी फोडली,
अर्धी पिऊन, अर्धी नुसतीच.
एक माकडीण पोटाशी पिल्लू धरून
भिरंडीच्या फांदीवर बसली होती.
मी गलोल ताणली,
ताणून धरली, हात भरून आला,
खाली घेतली.
हे मी लिहिलं नाही.

करडी कोंबडी मुंगसाने नेली म्हणून
‘गेलं’मध्ये घातली होती.
एकवीस दिवसांनी ती सरपणाच्या मागून निघाली,
हडकलेली, रागावलेली, नऊ पिल्लं घेऊन.
तिचं नाव खोडताना
मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.
दुसऱ्या दिवशी सात. घार.
त्यानंतर मी पिल्लं शाईने लिहीत नाही.

तांबू व्यायली ती रात्र विजेविना होती.
गौतमीने फोनचा उजेड धरला,
तिची वेर्ण्याची पहिली पाळी बुडणार होती,
तरी हलली नाही.
पाय आले, नाक आलं,
मग एकदम सगळा, ओला, वाफाळता.
सासऱ्यांनी शेपटी उचलून बघितली
आणि म्हणाले, पाडो.
ह्या शब्दापाशी आमच्याकडे
आवाज उतरतो.
दूध देणार नाही, नांगर राहिला नाही,
खाणार मात्र दोघांचं.
तांबूला कुणी सांगितलं नाही.
ती चाटत होती,
जणू गोठ्यात तिची जीभ सोडून
दुसरं काही चालूच नव्हतं.

पहाटे मी पेन घेऊन बसले.
आलं? गेलं?
गौतमी आंघोळीला जाताजाता वाकली,
नेमकं रेघेवर लिहिलं : पाडा.
अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
आणि बस गाठायला पळाली.

चवथीच्या आधी तो दावं सोडवून ओसरीवर आला
आणि कॅलेंडराचा खालचा कोपरा
शांतपणे चावून खाल्ला.
त्यात शाणूचे मोटरचे पैसे होते.
आठशे की साडेआठशे,
मला आठवेना, त्यालाही आठवेना.
मी म्हटलं, नऊशे घे.
तो म्हणाला, सातशे दे
आणि रसबाळीचा एक घड.

घड द्यायला मी बागेत गेले.
तो निम्मा वटवाघळांनी खाल्लेला.
निम्मा दिला.