घेर तोच

कायताननं गाडी जॅकवर घेतली
आणि रस्त्याच्या बाजूला सतरा इंची चाक चढवलं,
ओढ्याच्या बाजूला पंधरा.
"मास्तर, आता दोन्हीकडून बघ," म्हणाला,
"आणि बेगीन सांग. चारला मी बंद करतो."

मी फेरी मारली.
रस्त्याकडून ती कुणा पोराची गाडी होती,
मित्राला दाबोळीला सोडायला निघालेली,
काळे चकचकीत आरे, वर कमानीत
जेमतेम दोन बोटं जागा.
ओढ्याकडून माझी होती.
जरा फुगऱ्या गालांची,
डबा घेऊन शाळेत निघालेली.

गणित मी घरूनच करून आणलं होतं
नववीच्या चाचणीच्या एका कोऱ्या पुरवणीवर.
पंधराला रबर एकशे सात मिलिमीटर,
सतराला ब्याऐंशी.
धातू वाढवायचा तर हवा कमी करायची,
मग बाहेरचा घेर तोच राहतो,
स्पीडोमीटरला पत्ता लागत नाही.
फरक सगळा पंचवीस मिलिमीटरचा.
बरोबर तेवढ्याच मापाचा एक खड्डा
चोर्ला घाटात, केरीकडून चढताना सातव्या वळणावर
तीन वर्षं माझी वाट बघतो आहे.

रविवारी पहाटे पाचला मी तो घाट चढतो.
बायको विचारते, तिथे काय आहे?
मी म्हणतो, वळणं.
खोटं नाही.
दुसऱ्या गिअरमध्ये गाडी बाहेर झुकायला लागते
आणि मग ठरवते, नको.
त्या ठरवण्याच्या आधीचा अर्धा सेकंद
मला आठवड्यातून एकदा लागतो.
सतरावर तो लवकर येतो म्हणतात,
स्वच्छ, कडक, शिक्का मारल्यासारखा.
पंधरावर उशिरा, थोडं कुरकुरून.
मी त्रेपन्न वर्षांचा आहे.
यातला कुठला मला हवा
ते पुरवणीवर निघालं नव्हतं.

तेवढ्यात नट आवळणारा पोरगा वर बघून म्हणाला, "सर."

सगुण गावस. दहावी ब.
विज्ञान, शंभरात एकोणीस.
जडत्व म्हणजे काय, तर त्यानं लिहिलं होतं,
जड वस्तू जड असते,
आणि मी शेजारी लाल पेनानं
एक उद्गारचिन्ह काढलं होतं.

त्यानं आतून दोन रिम आणले,
अजून रबर न चढवलेले.
आधी पंधरा माझ्या हातांत दिला.
"स्टिअरिंगसारखा फिरवा. आता उलटा. आता थांबवा."
थांबला.
मग सतरा.
सतरा थांबला नाही,
माझा खांदा घेऊन पुढे गेला.
"वजन काठावर गेलं ना, सर," सगुण म्हणाला,
"काठावरचं जड
मधल्यापेक्षा जास्त जड असतं."
आणि खाली बसून पुढचा नट धरला.

रस्त्यावरून रिकामा खाणट्रक गेला.
शटरला टांगलेली जुनी ट्यूब
त्याच्यानंतरही बराच वेळ हलत होती.

मी पंधरा म्हणालो.
कायतानचं तोंड उतरलं.
सतराचा तो सेट चतुर्थीपासून त्याच्याकडे पडून आहे,
दोन हजार कमी करतो, तीन करतो,
मास्तर, माणूस आधी चाकांकडे बघतो.
मी पुन्हा पंधरा म्हणालो,
आवाज पहिल्यापेक्षा बारीक.

सगुण पाना घेऊन रस्त्याच्या बाजूला आला,
सतरा उतरवायला.
"थांब जरा," म्हटलं,
आणि मोबाइल काढून
गाडीचा त्या बाजूनं एक फोटो घेतला.
तो थांबला. हसला नाही.

फोटो अजून आहे. कुणाला दाखवलेला नाही.
काळे आरे, उन्हाची एक तिरीप,
पोटाखालून पलीकडचा ओढा,
आणि कडेला, अर्ध्याच आलेल्या,
सगुणच्या निळ्या स्लिपरा.