लादी

मंगळवारी आमच्या भागात वीज बंद.
माग मुके होत, गल्ली एकाएकी लांब वाटे,
आणि कोंडय्याकाका तरीही ओरडूनच बोले.
तीस वर्षं खटखटीच्या वर आवाज ठेवायची सवय.

त्या मंगळवारी ओरडला,
"हिप्परग्याच्या तळ्यावर जायचं. सगळ्यांनी."
पारा चव्वेचाळीसवर.
धाकट्या श्रावणीनं विचारलं, तिथं लाटा असतात का?
"वारा आला की असतात."

कारखान्यातून अर्धी लादी आणली त्यानं,
सायकलच्या कॅरियरवर, भुसा लावून.
मागं डांबरावर थेंबांची शिवण पडत आली
आणि पडता पडता वाळत गेली.

मग काढली ती चादर,
विणताना चुकलेली, म्हणून न विकलेली.
मोराला मान आहे, डोळा नाही.
नागमणीकाकू म्हणाली, अहो, चादरीत बर्फ?
थंडीत घ्यायची ती. उबेनं वितळेल की.
"चादरीला काय कळतंय
आत माणूस आहे का बर्फ?
आतलं आत, बाहेरचं बाहेर.
एवढंच तिचं काम."

ताकाची कळशी. सहा गोटी सोडा.
दहीभाताचा डबा, काकड्या, चटणीची पुडी
(तिला गारवा नको होता, पण तीही गेली आत).
कलिंगड मावेना.

पण सगळ्यांच्या आधी, मधोमध,
हातरुमालात, मग टॉवेलात, मग पितळी डब्यात
काकूची इन्शुलिनची बाटली.
बर्फाला चिकटू द्यायची नाही, गोठली की वाया.
तापू द्यायची नाही, तापली तरी वाया.
काका डबा असा बसवत होता
जसा ताणा लावतात,
ढिला नको, तुटेल इतका ताठ नको.

घरी फ्रिज नव्हता.
माठात माठ, मध्ये ओली वाळू, आत ती बाटली.
अकरा वर्षं काकू त्या माठाच्या हाकेपलीकडे गेली नव्हती.
करीमनगरला भाचीचं लग्न झालं,
ते तिनं फोटोत जेवलं.

तळं आटून मागं सरकलेलं.
भेगाळलेला गाळ, मग चिखल, मग पाणी,
काठावर बाभळीची सावली, तीही विरळ विणीची.
कलिंगड सुताच्या जाळीत घालून पाण्यात सोडलं,
गाठ सुटली, ते निघालं तरंगत,
आणि आम्ही पाच पोरं छातीभर पाण्यात त्याच्यामागं,
काका काठावरून ओरडतोय,
आज पहिल्यांदा त्याचं ओरडणं जागेला शोभलं.

साडेबाराला सुईची वेळ.
काकानं चादरीची घडी जरा उचलली,
डबा काढला, काकूच्या गालाला लावला.
"चल्लगा उंदी," ती म्हणाली.
गार आहे.
डोळे मिटून, बराच वेळ, डबा तसाच धरून.

संध्याकाळी लादीची मूठभर ढेप उरली होती.
श्रावणीनं ती उचलली आणि पळत जाऊन
तळ्यात टाकली. का, तर
तळं दिवसभर उन्हात होतं.

परतताना टेम्पोत ओली चादर
आम्हा सगळ्यांच्या गुडघ्यांवर,
बिनडोळ्यांचा मोर काकूच्या मांडीवर.
केगावच्या जवळपास तिनं विचारलं,
करीमनगरला किती लाद्या लागतील?

काका बोटांवर मोजू लागला.
वाटेत बर्फ कुठं कुठं मिळेल, ती गावं
हलक्या आवाजात, एकेक.
इंजिनाच्या आवाजात आम्हाला ती ऐकू आली नाहीत.
काकूला येत होती.