बुटांचं माप

कुटाइसीत, लमाराच्या अंगणात,
द्राक्षाच्या मांडवाखाली डुगडुगत्या टेबलावर
सकाळपासून पाच पोस्टकार्डं मांडून बसले होते.
चार झाली.

हेमांगीला पूल. खालची नदी गोट्यांनी पांढरी.
दिलनवाजला बाजारातली मसालेवाली:
इथे झेंडूच्या पाकळ्या वाळवून केशर म्हणून विकतात,
आणि खरंच कालवणात घालतात गं, मी खाल्लंय.
यशोधनला चर्च. तो म्हणेल, सगळी चर्चं सारखीच,
आणि फ्रिजवर लावेल.
निगुडकर बाईंना मांजर,
कारण त्यांना काय पाठवावं ते शेवटपर्यंत सुचलं नाही.

पाचवं सुलूचं.
सात वर्षं आम्ही बोललेलो नाही.
पत्ता मात्र पाठ, पिनकोडसकट.

आधी वाटलं, बरंय की,
इथे कुणाला माझं अक्षर लागत नाही,
लिहावं सगळं, अगदी त्या संध्याकाळचंही.
मग लक्षात आलं, कार्ड इथे मुकं आहे;
तिकडे उतरलं की त्याला तोंड फुटणार,
पोस्टमनपाशी, वॉचमनपाशी, तिच्या सासूबाईंपाशी.
आणि जागा केवढी, तर चार बोटं.
"चुकलं" लिहिलं,
तर कुणाचं तेही लिहावं लागतं.

लमारा कॉफी घेऊन आली.
कप टेकवताना तिला सहावं दिसलं, ते कोरं नव्हतं.
तिबिलिसीच्या जुन्या बाजारात
एका म्हाताऱ्याने चादरीवर मांडलेल्या चमच्यांमधून
दोन लारीला घेतलेलं:
बटुमीचा समुद्र, नको इतका हिरवा,
मागे शिक्का, चौऱ्याहत्तर साल,
आणि क्रोशाने विणल्यासारखं निळं अक्षर.
मी आपलं धरूनच चालले होते, प्रेमाबिमाचं असणार.

तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
वाचता वाचता खुदकन हसली,
मग थोडं फोनमधून, थोडं हातांनी सांगितलं:

हवा चांगली आहे. पीच स्वस्त.
नानुली पाण्याला अजून घाबरते.
झाझाच्या बुटांचं माप कळव,
इथे तपकिरी मिळतायत.
तुझी, त्सिआला.

एवढंच?
एवढंच.

"तेव्हा तपकिरी बूट म्हणजे..."
लमाराने दोन्ही हात पसरले
आणि वाक्य तिथेच मांडवाला लटकत राहिलं.
जरा वेळाने मलाच विचारते,
"पण त्यांनी माप कळवलं असेल ना?"
जणू मी त्या घरची.
आम्ही दोघी त्या हिरव्या समुद्राकडे बघत बसलो.
झाझा आता साठीचा असेल. असला तर.

कॉफी निवली.
मी सुलूचं कार्ड ओढलं आणि लिहिलं:

हवा चांगली आहे. पीच स्वस्त.
इथे गोचा नावाचा एक माणूस
बोळातल्या दुकानात मऊ चामड्याचे बूट शिवतो.
तुझं माप सहा की सात, आठवेना.
कळव.

आठवेना हे खोटं आहे.
हॉस्टेलात आमच्या दोघींत
मुलाखतीला घालायचा एकच बरा जोड होता.
तिचं माप सहा, आणि उजवा जरा चावायचा;
ती पुढे कापूस कोंबायची
आणि लंगडत नाही असं दाखवत जायची.

पोस्टातल्या बाईने कार्ड उलटंसुलटं केलं,
हसली नाही, काही विचारलं नाही.
जागा उरली नव्हती, म्हणून तिकीट
"कळव"च्या अर्ध्यावर चिकटवलं.
आता तिथे नुसता "क" दिसतो.

किती दिवस लागतील?
तिने एक बोट दाखवलं. महिना.
मग विचार करून तीन बोटं.
आणि खिडकी लावून जेवायला गेली.