चार मिलिमीटर

रात्रीच नटावर शिवणयंत्राचं तेल सोडून ठेवलं होतं.
सकाळी गंज नरमला, सतरा नंबरचा पाना बसला,
पण नट हलला तो तिसऱ्या हिसक्याला,
माझ्या दोन बोटांची सालं काढूनच.

सुदामानगरातली आमची गल्ली,
रविवार, नळ येऊन गेलेला.
पुढच्या चाकांखाली जोडीजोडीने फरश्या,
मध्ये ग्रीस.
चाकाला वळायचं तर
घसरायला थोडी जागा लागते.

दोन्ही अंगांनी गवंड्याचा दोरा ताणलाय
दोन स्टुलं आमची, एक पोरवालांचं,
आणि चौथ्याच्या जागी रंगाचा डबा.
दोरा कशाशी समांतर धरायचा?
मागच्या चाकांशी.
ती सरळ आहेत असं मानायचं.
तीही वाकडी निघाली तर
मग विचारायचं कुणाला, मला माहीत नाही.

पोरवाल गेटवर, हातात चहाचा ग्लास.
"भिया, मशीन पे करवा लो,
कायको कमर तोड़ रिये हो?"
मी गाडीखालून नुसता पाय हलवतो.

शाल्मली उकिडवी बसलीय, पोलादी पट्टी घेऊन.
"डावं. पुढची कड, एकशे आठ."
"मागची?"
"एकशे बारा."
"नीट बघ."
"बघूनच सांगतेय."

चार मिलिमीटर.
तांदळाच्या दाण्याहून कमी.
अकरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यानंतर,
देवासहून परतताना एका खड्ड्यात आपटली होती,
उतरून पाहिलं, चाक जागेवर होतं,
डिकीत सासूबाईंची पितळी भांडी होती, उशीर झाला होता.
तेव्हापासून ही डावीकडे जायची
आणि मी स्टिअरिंग उजवीकडे धरायचो,
जराच,
घड्याळात पाच मिनिटं पुढे असावीत तितकं.
पुढे पुढे तर धरतोय हेही कळेना.

हिलाही मीच शिकवलं, याच गाडीवर.
"अशी तिरपी धरून ठेव, की सरळ जाते."
हिने विचारलं नाही का ते.
शिकत होती.

डावा दांडा अर्धा फेरा लांब.
उजवा जरा आखूड.
गाडी पुढे ढकल, मागे ढकल, बसू दे.
पुन्हा पट्टी.
जास्त झालं. पाव फेरा परत.
पुन्हा ढकल.
पोरवालांचा चहा संपून ते आता ढकलायला आलेत,
"मैंने तो पेलेई बोला था" म्हणत.
एकशे अकरा, एकशे दहा.
उजवीकडेही तेच.
नट आवळले.

फूटी कोठीवरून राऊच्या रस्त्याला लागलो.
गाडी तिच्या हातात, मी शेजारी.
शंभर पावलं गेलो असू नसू,
गाडी दुभाजकाकडे.
तिने सावरली. पुन्हा दुभाजकाकडे.
"बाबा, आता ही उजवीकडे ओढतेय.
चुकलं तुमचं."

माझ्या पोटात गोळा.
मनात फेरे मोजले, उलटे, सुलटे.
मग म्हटलं,
"पुढे कोणी नाही. हात सोड."
"सोडू?"
"वर उचल. चिकटवून ठेवू नको."

तिने दोन्ही हात उचलले,
कुणी बंदूक रोखावी तसे.
आणि गाडी
एका ओळीत गेली,
बंद पेट्रोल पंपावरून, उसाच्या गाड्यावरून,
अगदी शेवटी रस्त्याच्या उताराला मान देऊन
थोडी डावीकडे, तेवढीच.

मी खाली पाहिलं.
माझी मूठ गुडघ्यावर,
रिकामी, घट्ट,
उजवीकडे तिरपी.

तिनेही पाहिली.
बोलली काही नाही. हात परत स्टिअरिंगवर ठेवले,
हळूच, पहिल्या दिवशी ठेवले होते तसे,
आणि गाडी लगेच निघाली दुभाजकाकडे.
मग हसलीच.
"हे कितीचं, बाबा? पट्टी लावू?"

घरी आलो तर दोरे तसेच ताणलेले,
मध्ये गाडीएवढी मोकळी जागा.
गल्लीतलं मांजर एका दोऱ्याखालून शिरलं,
मधोमध थांबलं,
काही वेळ चाटत बसलं स्वतःला.