पिशवी दाराशी आहे

आज क्षितिजावर एकोणतीस जहाजं. काल एकतीस होती.
फुजैराच्या या गॅलरीतून मी रोज मोजते.
नांगर टाकून बसलेली असतात, पोटं पाण्यात खोल,
बंदराचं बोलावणं येईपर्यंत.
उद्धव त्यांना तेल पाजायला लाँचवर जातो,
आणि घरी आला की माझ्या पोटाला हात लावण्याआधी
तीनदा साबणाने धुतो.
तरी वास येतोच. येऊ दे.
बाप म्हणजे डिझेल, असं वाटेल बाळाला.

पिशवी दाराशी आहे.
तीत दोन गाऊन, आईच्या जुन्या लुगड्याची सहा दुपटी,
एक टोपडं, माझ्या मुठीवर नीट बसतं,
आणि सगळ्यात खाली, फायलीत,
आमचं लग्न झाल्याचा दाखला.
जालन्याचा शिक्का, मुंबईचा, दिल्लीचा, मग इथला.
इतक्या साहेबांनी बघून मान्य केलं की मी याची बायको आहे.
लग्नात जेवायलासुद्धा एवढी माणसं नव्हती.

आईचा व्हिसा अडकलाय.
पासपोर्टवर ती सरूबाई, आधारवर सरस्वती.
दोघीही माझ्या आई,
दोघींनाही येता येत नाही.
म्हणून फोनवरच लाडू वळते:
डिंक तुपात फुलू दे, घाई नको,
खारीक, खोबरं, मूठभर खसखस...
आई, खसखस इथे चालत नाही, पकडतात.
खसखशीला?
हो.
बराच वेळ नुसती फोनची खरखर.
मग म्हणते, बरं, मेथी वाढव.

सिस्टर बिन्सीने एक कागद दिलाय.
दुखणं शून्य ते दहा,
खाली चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
आकडा सांगायचा, म्हणे.
घरी आले आणि किराण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं:
चमक. लचक. उसण. सणक. ठणका. मुरडा. शूळ.
आणि कळ.
कळ येते. कळ काढायची असते.
कळ दाबली की दिवा लागतो.
आणि 'कळलं' म्हणतो तेही इथूनच येत असेल का?
व्याकरणाचं मला माहीत नाही.
बिन्सीला सात म्हणेन.

मध्यरात्री दोनला उद्धवने गाडी काढून बघितली:
अकरा मिनिटं.
शुक्रवारी नमाज सुटल्यावर सव्वीस.
तो पाण्यावर असेल तर, हे आम्ही मोजलं नाही.

खाली इख्लास राहते.
चार मुलं. चौथं ओमदुरमान सोडताना झालं,
ट्रकच्या हौद्यात, एक चादर आडवी धरून.
हे सांगताना ती भेंडी चिरत होती
आणि एकही भेंडी वाकडी चिरली गेली नाही.
तिने मला श्वास शिकवला,
अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी:
चहा गरम आहे, फुंकर मार.
अजून गरम आहे. अजून लांब मार.
चहा आम्ही खरंच केला होता. गार झाला, मग प्यायलो.

आईला विचारलं, तू काय करायचीस भीतीचं?
मला वाटलं म्हणेल, घाबरू नकोस, सगळ्या बायका करतात.
म्हणाली, पाच वेळा गेले, पाची वेळा भ्याले.
राहू दे ती. पिशवीत ठेव,
दुपट्यांच्या कडेला मावेल.

आता तीन वाजलेत.
पोट दगड होतं, मग सुटतं.
खोट्या कळा, बिन्सी म्हणते.
खोटं काय त्यात? मी तर इथेच आहे.
समुद्रावर जहाजांचं दिव्यांचं गाव,
त्यातला एक दिवा हळूच सरकतोय.
उद्धवचा फोन लागत नाही.

इख्लासशी ठरलंय:
एक टकटक म्हणजे दूध, दोन म्हणजे साखर,
तीन म्हणजे गाडी.
ती हसली होती.
एकदाच वाजव गं, रात्री तीनला दूध कोण मागतं?

चहा गरम आहे.
अजून गरम आहे.
मी चप्पल शोधते.