अर्धं तिकीट

आखाजीच्या आत जिनिंग बंद होतं.
तिथून दसऱ्यापर्यंत हिलालरावांचा पगार म्हणजे
पऱ्हाट्या उपटून नेलेलं वावर,
बघायला लांबलचक, हाताला काही नाही.

मग मी डब्यांच्या जागा बदलते.
तूरडाळ वरच्या फळीवर, स्टूल लागेल अशी,
मठाची डाळ हाताशी.
स्टूल आणायचा कंटाळा, ही माझी पहिली बचत.

कुकरची दुसरी शिट्टी होऊ देत नाही.
खाली उतरवते, गोधडीत गुंडाळते,
डाळ आपली आपण शिजते आत
कुणी बघत नसताना.

भेंडी ऐंशीवर गेली की शेवभाजी.
पावशेर शेव, पाच माणसं.
रस्सा पातळ, पण वर तर्री लाल हवी;
तर्री दिसली की पातळपणा कुणी काढत नाही.

कूलर रात्री नऊनंतर.
दुपारी खिडकीला सासूबाईंचं जुनं लुगडं, ओलं,
त्यातून येणारी हवा फुकट
आणि जराशी हळदीच्या वासाची.

हे सगळं माहेरून आलेलं.
एक गोष्ट मात्र सरकारकडून आली:
एस.टी.त बायांना अर्धं तिकीट.
हिलालरावांनी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलं,
चोपडा ते जळगाव, जाऊन-येऊन,
माझं पूर्ण, तुझं अर्धं.
बराच वेळ आकड्याकडे बघत बसले.
मग म्हणाले, तूच जात जा.

अठरा वर्षांत मी तापी ओलांडली होती
ती कायम कुणाच्या तरी खांद्यापलीकडून.
खिडकी त्यांची, पिशव्या माझ्या मांडीवर.
आता मीच जाते.
सांध्याच्या गोळ्या, त्या स्वस्त दुकानातल्या,
कूलरची मोटर गुंडाळून आणायला,
मोहिनीची अकरावीची पुस्तकं, कुणाची तरी वापरलेली
(गणिताच्या पुस्तकात एका मुलीचं नाव शंभरदा लिहिलेलं निघालं,
ती पानं मोहिनी पुसत नाही),
एकदा तर फंडाच्या ऑफिसात
साहेबाशी भांडायलासुद्धा.

सासूबाई ओट्यावरून म्हणतात,
आखो चालनी का वं?
चालले, म्हणते. अर्ध्यात होतंय.

विदगावच्या पुलावर गाडी हळू होते.
खाली पाणी एका कडेला बसलेलं,
बाकी सगळी वाळू, वाळूत डांगराच्या वाड्या,
हिरव्या, ठिगळ लावल्यासारख्या.
नदीसुद्धा उन्हाळ्यात हात आखडून राहते
आणि त्यातच कुणाचं तरी पिकवून देते.
हे मी घरी सांगितलं नाही.
ह्याचा हिशेबात रकाना नाही.

रसाचाही नाही.
जळगावच्या स्टँडबाहेर गुऱ्हाळ आहे,
बर्फ कमी सांगितला तर ग्लास जास्त भरतो.
पहिल्या खेपेला मी फक्त घुंगरांचा आवाज ऐकला.
दुसऱ्या खेपेला अर्धा ग्लास.
तिसऱ्या खेपेपासून पूर्ण, आलं-लिंबू घालून,
बाकावर बसून, पदर सैल सोडून,
कुणाला वाढायचं नाही, कुणाचं उरवायचं नाही.
घरी येऊन वहीत लिहिलं:
सुटे हरवले, वीस.

वही आम्ही दोघं लिहितो.
त्या महिन्यात मी मागची पानं चाळली
तर हिलालरावांच्या अक्षरात हजामत दोनदा,
त्याच्या आधीच्या महिन्यातही दोनदा,
आणि आषाढात तीनदा.
त्यांच्या डोक्यावर तेवढे केस
लग्नातही नव्हते.

विचारलं नाही.
आधार आप्पांच्या पानटपरीवर संध्याकाळी
रिकामी झालेली माणसं उभी असतात, मला ठाऊक आहे.
बेरीज केली. पुन्हा केली.
दोन्ही वेळा जमली.

मंगळवारी गोळ्या संपतात.
सहा पन्नासची गाडी आहे,
डाव्या बाजूला ऊन येत नाही.